अमृतराव घाटावरून निघालेले बिऱ्हाड

काशीस जाण्याची गोष्ट आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. काशीहून बिऱ्हाड हलविण्याची गोष्ट मात्र क्वचितच कानी पडते. तिकडे जावयाचे ते यात्रेसाठी, विद्येसाठी, अथवा आयुष्याची अखेर गंगातीरी व्हावी म्हणून. आणि जो अखेरीसाठी तेथे राहिला त्याने परतीचा विचार करावयाचा नसतो, अशीच आपली समजूत. म्हणूनच मागील मार्गशीर्षात माझ्या आत्याने काशीतील आपला संसार आवरून नागपुरास मुलाकडे जाण्याचे ठरविले, आणि तो संसार मालमोटारीत घालून पाठविण्याचे काम मजकडे आले, तेव्हा आप्तमंडळींत थोडी कुजबुज झाली. एका वृद्ध नातलगांनी तर, या वयात काशी सोडणे बरे दिसत नाही, असे आत्यास स्पष्ट कळविले.

वाचकहो, असा प्रसंग आपणांपैकी कित्येकांवर केव्हा ना केव्हा येणार आहे. आई, मावशी, काका, कोणी तरी दूरच्या गावी एकटे राहात असते. वय होते, हातपाय थकतात, आणि एके दिवशी त्यांचे घर हलविणे भाग पडते. म्हणून ही हकीगत थोडी तपशीलवार सांगते. तीत काशीच्या एका घाटाचे वर्णन आहे, आपल्या मराठी माणसांचा थोडा इतिहास आहे, आणि ट्रकने घरसामान पाठविताना जे शिकावे लागले तेही आहे.

घाट आणि त्याचे नाव

दशाश्वमेध घाटावरून नदीकाठाने दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे अहिल्याबाईंचा घाट, मुन्शी घाट, दरभंगा घाट, राणामहाल, चौसट्टी असे एकेक घाट मागे पडत जातात, आणि थोड्याच वेळात आपण एका रुंद, फरसबंद घाटावर येतो. आज त्यास ‘राजा घाट’ म्हणतात. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. उत्तरेस त्याला लागून खोरी घाट आहे आणि दक्षिणेस नारद घाट. नारद घाटावर पतिपत्नींनी जोडीने स्नान केले तर त्यांच्यात कलह होतो, अशी काशीकरांची समजूत आहे. आत्या हसून म्हणते, “आम्ही तिथे कधी एकत्र बुडी मारली नाही, पण शेजारीच राहात होतो ना, तेवढ्या अंतरावरून नारदाने आपले काम केलेच.”

आत्या पत्ता लिहिताना आग्रहाने ‘अमृतराव घाट’ असे लिही. मला तो निव्वळ मराठी अभिमान वाटे. पुढे त्यातील व्यवहार कळला. काशीत ‘राजघाट’ नावाचे दुसरे ठिकाण आहे. ते येथून काही किलोमीटर उत्तरेस, रेल्वेच्या मालवीय पुलाजवळ येते. सामान पाहावयास म्हणून आम्ही ज्या पहिल्या मनुष्यास बोलाविले तो ‘राजा’ व ‘राज’ यांतील एका कान्याकडे दुर्लक्ष करून थेट राजघाटावर जाऊन उभा राहिला आणि तासाभराने तेथून आमच्यावरच रागावला. तेव्हा काशीत कोणास पत्ता सांगणे झाल्यास घाटाबरोबर मागचा मोहल्लाही सांगावा. आमच्या बाबतीत ‘बंगाली टोल्याच्या बाजूने’ एवढे म्हणताच पुढील सर्वांना वाट सापडली.

ज्यांच्या नावाने हा घाट ओळखला गेला ते अमृतराव स्वतःच पुण्याहून बिऱ्हाड हलवून आलेले गृहस्थ होते. रघुनाथराव पेशव्यांचे ते दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे वडील भाऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून गेले. होळकरांनी अमृतरावांचे पुत्र विनायकराव यांस गादीवर बसवून कारभार अमृतरावांच्या हाती दिला. परंतु वर्षअखेर वसईचा तह झाला, पुढील वर्षी इंग्रजांच्या साहाय्याने बाजीराव परत आले, आणि अमृतरावांनी १८०३ साली इंग्रजांशी करार करून सालिना सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर दक्षिण कायमची सोडली. चित्रकूटजवळील करवी आणि काशी ही त्यांची पुढील ठिकाणे झाली. १८२४ साली काशी येथे त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास बिशप हेबर हा इंग्रज प्रवासी काशीत होता. अमृतराव वर्षातून एकदा ब्राह्मणांस व गोरगरिबांस तांदूळ आणि एकेक रुपया वाटीत, हे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेविले आहे.

अमृतरावांच्या पुष्कळ आधीपासून काशीत मराठी वस्ती होती. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला हे सर्वश्रुत आहे. शिंदे, भोसले, होळकर यांचे घाट आजही त्यांच्या नावांनी ओळखले जातात. आम्हा भाषांतर करणाऱ्यांना तर काशीतील आणखी एका मराठी माणसाचे ऋण मानावे लागते. ते म्हणजे हिंदी दैनिक ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर. १८८३ साली काशीतच मराठी घरात जन्मलेल्या या गृहस्थांनी हिंदी वृत्तपत्रांच्या भाषेला वळण लावले. घरी मराठी आणि लेखणीत हिंदी, असा हा काशीच्या मराठी घरांचा रिवाज. आत्याच्या घरीही तो होता.

पन्नासाहून अधिक वर्षांचा संसार

आत्याचे माहेर नागपूर जिल्ह्यातील काटोलजवळचे. १९६८ साली लग्न होऊन ती काशीस आली. तिच्या यजमानांचे घराणे तेथे काही पिढ्यांचे. ते पाठशाळेत शिकवीत. घाटामागच्या गल्लीत जुन्या दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, एक लहानशी गच्ची आणि गंगेकडे उघडणारी एक खिडकी, एवढा त्यांचा विस्तार. सप्टेंबर १९७८ मध्ये काशीस गंगेचा मोठा पूर आला. पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले आणि तो उच्चांक ठरला. त्या वेळी खालच्या बिऱ्हाडांचे सामान आत्याच्या खोल्यांत आले आणि पंधरवडाभर तीन चुली एका घरात पेटत होत्या. खालच्या मजल्यावरील बंगाली शेजारीण तेव्हापासून तिची बहीणच झाली.

यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी नागपुरास गेला, तरी आत्या तेथेच राहिली. “माझे तिकीट इथपर्यंतचेच आहे” असे ती म्हणे. परंतु मागल्या पावसाळ्यात जिन्यात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला, आणि घरास तर गल्लीपासून एकतीस पायऱ्या. मुलाने येऊन दोन महिने काढले. पुढे त्यास रजा मिळेना. शेवटी निर्णय तिने स्वतःच घेतला. आम्ही कोणी तिला ‘चल’ असे म्हटले नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद करते. कारण पुढे सामान बांधताना ज्या ज्या वेळी तिचे डोळे भरून आले, त्या त्या वेळी मला तोच एक आधार होता.

आधी याद

पहिल्या संध्याकाळी मी दोऱ्या आणि गोणपाट आणावयास निघाले, तो आत्याने थांबविले. “आधी याद कर,” ती म्हणाली. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘याद’ म्हणजे यादी. स्मरण हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ. आत्यास पहिलाच अभिप्रेत होता. प्रत्यक्षात दोन्ही कामे एकदमच झाली.

आम्ही वहीच्या पानावर तीन रकाने आखले. न्यावयाचे, द्यावयाचे आणि ठेवावयाचे. हा क्रम मी प्रत्येकास सुचवीन. म्हाताऱ्या माणसाचे घर आवरताना तरुण माणसे बहुधा उपयुक्ततेची कसोटी लावतात, आणि तेथेच दुःखास सुरुवात होते. नागपूरच्या सदनिकेत तांब्याच्या बंबाचा उपयोग काय, असे मी विचारले. आत्या म्हणाली, “उपयोग माझासुद्धा काय आहे तिथे?” मी मुकाट्याने बंब पहिल्या रकान्यात घातला. परंतु तिनेच दुसऱ्या दिवशी तो खोडून दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि खालच्या मजल्यावर पोहोचविला. सांगावयाचे ते एवढेच, की प्रथम ‘हो’ म्हणावे आणि खोडण्याचा अधिकार ज्याची वस्तू त्याच्याकडे ठेवावा. असे केल्याने वेळ अधिक लागतो खरा. आमचे तीन दिवस गेले. पण घाईने केलेल्या कामाचा सल पुढे वर्षानुवर्षे राहतो.

यजमानांच्या पोथ्यांचे अकरा रुमाल होते. ते नागपुरास नेऊन फळीवर ठेवण्यापेक्षा काशीतच राहावेत, असे आत्याचे मत पडले. १७९१ साली स्थापन झालेल्या पाठशाळेपासून वाढलेल्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयात सरस्वती भवन हा हस्तलिखितांचा प्रख्यात संग्रह आहे. तेथे चौकशी करण्याचे ठरले आणि पोथ्या तूर्त यजमानांच्या एका शिष्याच्या हवाली झाल्या. हा तिसरा रकाना, ठेवावयाचे. गॅसची टाकी व शेगडीची नोंदणी एजन्सीकडे परत केली. भरलेली टाकी घरसामानाबरोबर कधीही पाठवू नये. दागिने, रोकड, बँकेची पुस्तके, दस्तऐवज व औषधे यांची पिशवी निराळी काढली. ती आत्याच्या मांडीवरून हलावयाची नव्हती.

उरले ते चौसष्ट नग. शिसवी कपाट, दोन खाटा, झोपाळ्याची फळी व पितळी कड्या, पाटा-वरवंटा, पितळी डबे, घंगाळ, देव्हारा, चार लोखंडी ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, जेवावयाचे पाट आणि असेच इतर. प्रत्येक नगास क्रमांकाची चिठ्ठी चिकटविली आणि वहीत त्यापुढे ‘आधीच असलेला दोष’ असा चौथा रकाना केला. कपाटाच्या डाव्या दाराची काच तडकलेली, एका ट्रंकेची कडी तुटलेली, असे सारे लिहून ठेविले. उतरवून घेताना वाद टाळण्यास याहून सोपा उपाय नाही.

मालमोटारीचा शोध

सामान हलविण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने दूरध्वनीवरून फार स्वस्त दर सांगितला. विसार म्हणून काही रक्कम मागितली, आम्ही दिली. नंतर गल्लीचे कारण सांगून दर वाढला, मग जिन्याचे, मग नगांचे. गाडीचा क्रमांक आणि लेखी दर मागितला तेव्हा, आधी पूर्ण रक्कम भरा, असे उत्तर आले. आम्ही विसारावर पाणी सोडले. असे अनेकांच्या बाबतीत होते. काही जणांचे सामान ट्रकमध्ये चढल्यावर दर वाढविला जातो आणि मग त्यांना इलाज राहात नाही. म्हणून स्वस्त दराला भुलू नये. कोणती गाडी, किती नग, चढविणे-उतरविणे कोणाकडे, टोलनाका कोणाकडे, कोणत्या दिवशी पोहोच, हे सर्व लेखी असल्याखेरीज एक पैसाही देऊ नये.

मग आत्याच्या शेजारणीच्या नातवाने एक युक्ती सांगितली. हिवाळ्यात नागपूरकडील संत्री घेऊन ट्रक काशीस येतात आणि पहाडिया येथील फळबाजारात रिकामे होतात. परतताना त्यांना माल हवा असतो. तेथे चौकशी करता काटोलकडचाच एक ट्रक मिळाला. मालकाची वाहतूक कंपनी नोंदणीकृत होती आणि परतीचे भाडे पहिल्या कंपनीच्या अखेरच्या दरापेक्षा पुष्कळ कमी होते. चालक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी वाहनाची नोंदणी, राष्ट्रीय परवाना, विमा व योग्यतेचे प्रमाणपत्र न मागता दाखविले. सामान पाहावयास ते स्वतः एकतीस पायऱ्या चढून आले आणि आत्यास म्हणाले, “तुमी काही काळजी नका करू, माय. जसंच्या तसं पोचवतो.” ती वऱ्हाडी बोली ऐकताच आत्या क्षणभर काही बोललीच नाही, मग म्हणाली, “चहा घेतल्याशिवाय जाऊ नका बापा.” पन्नासाहून अधिक वर्षांत तिच्या तोंडून ‘बापा’ हा शब्द मी प्रथमच ऐकला.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी येथेच सांगून टाकते. रस्त्याने माल वाहून नेणाऱ्यांसाठी २००७ चा अधिनियम आहे. त्यानुसार वाहतूकदाराने मालाची पावती दिली पाहिजे. व्यवहारात तिलाच बिल्टी म्हणतात. माल हरवला वा मोडला तर दाव्यापूर्वी १८० दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते. भरपाईची मर्यादा साधारणतः भाड्याच्या पटीत ठरते, म्हणून मौल्यवान वस्तू असल्यास किंमत आधी जाहीर करावी व प्रवासाचा विमा उतरवावा. व्यापारी मालाच्या आंतरराज्य वाहतुकीस १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आवश्यक झाले; मात्र वापरलेल्या घरगुती वस्तूंना त्यातून सूट आहे. तरीही सामानाची यादी, मालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि ‘हे वापरलेले घरसामान असून विक्रीसाठी नाही’ असे सहीचे पत्र चालकाजवळ द्यावे. वाटेत कोणी विचारले तर त्याची अडचण होत नाही.

घाटावरून अस्सीपर्यंत

साडेसातशे किलोमीटरचा बंदोबस्त झाला; पण खरी अडचण होती ती पहिल्या काही शे पावलांची. दिवसा शहरात जड वाहनांना मज्जाव. ट्रक महामार्गालगत उभा. गल्ली अशी की समोरून बैल आला तर माणसाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावे. शिसवी कपाट त्या गल्लीच्या काटकोनी वळणावरून जाईल, हे पल्लेदारांना मान्य होईना. (ओझी वाहणाऱ्या हमालांना काशीत पल्लेदार म्हणतात.) तेव्हा आत्याच म्हणाली, “अगं, ते गल्लीने आलेच नव्हते. माझ्या वडिलांनी दिलेले कपाट नावेतून आले. नावेनेच जाईल.”

सकाळी सहा पल्लेदारांनी कामास हात घातला. कपाटाची दारे व फळ्या सोडविल्या, सांगाड्यास गोणपाट गुंडाळले, काचेच्या सामानात जुन्या साड्या कोंबल्या. पोथ्यांचे रिकामे लाल रुमालही पितळी भांड्यांना गुंडाळण्याच्या कामी आले. एकामागून एक नग पाठीवरून घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. मी खाली वही घेऊन उभी राहून खुणा करीत होते. शेवटी दोघांनी आत्यास खुर्चीत बसवून उचलले. बंगाली शेजारीण खालच्या दारात उभी होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले. बोलणे काहीच झाले नाही.

नाव मोठी, सी.एन.जी.वर चालणारी. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. अस्सी दक्षिणेस, म्हणून प्रवाहाच्या विरुद्ध जावयाचे होते. सामानाच्या मधोमध खुर्चीवर आत्या, तिच्या पायांशी देव्हारा. केदार घाट मागे पडला. हरिश्चंद्र घाटासमोर येताच तिने नाविकास जरा हळू घ्यावयास सांगितले. तेथे तिच्या यजमानांना अग्नी दिला होता. तिने हात जोडले, ओंजळभर पाणी घेतले आणि परत नदीत सोडले. “निघते,” एवढेच म्हणाली.

पुढे भदैनी आली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान येथेच. त्यांचे वडील मोरोपंत तांबे बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. चिमाजीअप्पांच्या पश्चात ते कुटुंब काशीहून बिठूरास गेले. म्हणजे काशीहून निघालेले मराठी बिऱ्हाड हे आत्याचेच पहिले नव्हते. हे मी तिला सांगितले, तेव्हा ती हसली; सकाळपासून पहिल्यांदाच.

त्याच वेळी मला करवीची आठवण झाली. अमृतरावांच्या पश्चात विनायकराव करवीस नांदले; १८५३ साली तेही गेले. त्यांचे वारस नारायणराव व माधवराव यांच्या काळी, जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने करवी घेतली आणि वाड्यातील सोनेनाणे, जडजवाहीर, सारी चीजवस्तू लूट म्हणून ताब्यात घेतली. त्या लुटीतील वाटा कोणत्या फौजेने किती घ्यावा, यावर इंग्रज सेनाधिकाऱ्यांचे आपापसांत भांडण जुंपले आणि १८६६ साली लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती लशिंग्टन यांनी त्याचा निकाल दिला. पुण्याहून आलेल्या एका घराण्याच्या ठेव्याचाही हिशेब मांडला गेला. फरक एवढाच, की तो परक्यांनी आपल्या वाटणीसाठी मांडला होता. माझ्या हातातील वही तशी साधीच, चौसष्ट नगांची. पण तिच्यातील प्रत्येक ओळ घरच्या धनिणीने स्वतः सांगितली होती. घर हलविणे आणि घर उठविणे यांत हाच भेद असावा.

अस्सीस टेम्पो उभा होता. दोन खेपांत सामान महामार्गावर गेले. ट्रकमध्ये अजून संत्र्यांचा वास दरवळत होता. चालकांनी जड वस्तू पुढे, केबिनच्या बाजूस ठेवविल्या, ट्रंका एकावर एक रचून मध्ये गाद्या दाबल्या, देव्हारा सर्वांत वर बांधला आणि त्यावर ताडपत्री ओढली. मी नग मोजले, बिल्टीवर ‘नग चौसष्ट’ असे लिहून घेतले आणि गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतले. संध्याकाळी ट्रक निघाला. मालगाडीत उतारू नेणे बरे नव्हे आणि आत्याच्या प्रकृतीस ते मानवणारेही नव्हते. आम्ही दोघी रात्री आगगाडीने इटारसीमार्गे निघालो.

जुना रस्ता, नवा रस्ता

ट्रक गेला तो मिर्झापूर, रीवा, जबलपूर, शिवनी या वाटेने. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलण्यापूर्वी हाच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. काशीस निघून थेट कन्याकुमारीस जाणारा, सुमारे २,३७० किलोमीटरचा, देशातील सर्वांत लांब महामार्ग. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. तत्पूर्वी दक्षिणेकडील यात्रेकरू बैलगाड्यांनी आणि पायी याच बाजूने काशीस येत व गंगेच्या कावडी घेऊन परत फिरत. आता शिवनी ते नागपूर या टप्प्यात पेंचचे अरण्य लागते. तेथे वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ताच पुलांवर उचलून घेतला आहे. चालक दर मुक्कामी दूरध्वनी करीत आणि आत्या त्यांस सामानाविषयी विचारण्याआधी जेवणाविषयी विचारी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक नागपुरास आतेभावाच्या दारी लागला. उतरवून घेताना मी पुन्हा वही काढली. कपाट आले, काच होती तेवढीच तडकलेली. झोपाळ्याच्या कड्या आल्या. देव्हारा आला. पाट्यास ओरखडा नाही. नग मोजून झाले आणि त्रेसष्टच भरले. क्रमांक एकेचाळीस, शिसवी पाट, लहान, मिळेना.

मी पुन्हा मोजले. ताडपत्रीखाली पाहिले. चालक स्वतः ट्रकमध्ये चढून कोपरे धुंडाळू लागले; त्यांचा चेहरा उतरला. पोहोच-पावतीवर ‘एक नग कमी’ असा शेरा लिहावयास मी लेखणी उघडली. पावतीवर सही करण्यापूर्वीच उणीव लिहावी, हा नियम मी पाठ केला होता.

आत आरामखुर्चीत बसलेल्या आत्याने हाक मारली. “त्यांना कशाला शोधायला लावतेस? तो पाट ट्रकमध्ये नाहीच.”

अस्सीस टेम्पोच्या दुसऱ्या खेपेपूर्वी, मी नाविकाचे पैसे देत असताना, तिने शेजारणीच्या नातवाकरवी तो परत पाठविला होता. बिल्टीवर चौसष्ट लिहिताना मीच पाटांचा गठ्ठा उघडून पाहिला नव्हता. चूक माझी होती.

“पण का गं?” मी विचारले.

“तिच्या स्वयंपाकघरात मांडून ठेव म्हणून सांगितलंय,” आत्या म्हणाली. “सणावारी मी तिच्याकडे जेवायला बसत असे, तो माझा पाट. घर सगळं आणलंस तू. काशीत बसायला एवढी जागा राहू दे.”

मी वहीत एकेचाळिसाव्या क्रमांकासमोरील खूण खोडली आणि तो तिसऱ्या रकान्यात लिहिला, ठेवावयाचे. मग पावतीवर ‘माल पूर्ण मिळाला’ असे लिहून सही केली. चालकांनी चहा घेतला, आत्यास नमस्कार केला, आणि काटोलच्या रस्त्याने ट्रक निघून गेला.